पिवळा धोतरा

गोसीखुर्दला वैनगंगेवरील धरण पाहावयास गेलेला मनुष्य पाण्याकडे पाहतो. आज मी आपणांस पायांखालच्या मातीकडे पाहावयास सांगणार आहे. १९८८ साली या धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे कालव्यांसाठी कितीतरी जमीन उकरली गेली. अशी उघडी पडलेली माती, मग ती कालव्याकाठची असो, रस्त्याकडेची असो वा पडीक आवारातली, ज्या रानझाडांना मानवते त्यांत पिवळा धोतरा पुढे असतो. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते व माती हलली की उगवते. काट्यांमुळे गुरेही त्याला तोंड लावीत नाहीत.

नावाने मात्र फसू नये. खरा धोतरा वांग्या-मिरचीच्या कुळातला. हा अफूच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोकडचा. कोणी यास बिलायत म्हणतात, तेच अधिक बरे. वसंतात हिंडताना तो फुललेला सापडतो. पाने निळसर हिरवी, शिरांवर पांढुरके पट्टे, कडेला काटे, आणि देठावाचून खोडाला बिलगलेली. फूल पिवळे, पाकळ्या कागदासारख्या पातळ, बहुधा सहा. एवढ्यानेही शंका फिटली नाही तर पान तोडावे. पिवळा चीक आलाच पाहिजे. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. याचे काटेरी बोंड पिकले की टोकाशी उकलते आणि आत काळसर, मोहरीएवढे बारीक बी दिसते. मोहरीत हे मिसळले आणि त्याचे तेल पोटात जात राहिले, तर पायांना सूज येते, धाप लागते, हृदय दुबळे होते. काहींना काचबिंदूही होतो. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या मोहरीच्या तेलाने ६०हून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे मोहरी फोडणीपुरती, म्हणून धोका थोडा. पण ज्या घरी मोहरीचे तेलच रोजचे, तेथे तो मोठा.

तेव्हा मोहरी निवडताना संशयाचे चार दाणे वेगळे काढावेत. मोहरीचा दाणा गुळगुळीत, याचा खडबडीत. नखाने चिरडला तर मोहरी आत पिवळी निघते, आणि हा, झाडाचा चीक पिवळा असूनही, आत पांढरा. तेल गाळल्यावर मात्र डोळ्यांचा उपयोग नाही. मग प्रयोगशाळेतली परीक्षाच करावी लागते.