दालचा : चिंच केव्हा घालावी?

चिंच हे वस्तुतः फळ. पण आपल्या स्वयंपाकघरात तिची गणना मसाल्यांतच होते. हैदराबादेत मात्र हे फळ मांसाच्या जोडीला मानाने बसले आहे. येथील लग्नघरी बगारा भातासोबत वाढला जाणारा दालचा म्हणजे मांस, हरभऱ्याची डाळ, दुधी भोपळा आणि चिंचेचा कोळ यांचा दाट रस्सा. सुखवस्तू घरी त्यात बकऱ्याचे मांस पडते. बेताच्या मिळकतीच्या मुसलमान कुटुंबात पुष्कळदा ‘बडे का गोश्त’, म्हणजे मोठ्या जनावराचे, बहुधा म्हशीचे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हे मांस वर्ज्य आहे आणि ते कोणी खावे असा आमचा आग्रह नाही. परंतु न खाणे निराळे आणि शेजाऱ्याच्या चुलीला हिणवणे निराळे. त्या चुलीवरचे शहाणपण तरी समजून घ्यावे.

अर्धा किलो मांसाला पाव किलो डाळ घेतात. तासभर भिजवलेली डाळ हळद घालून मऊ शिजवतात व घोटतात. तेलात शहाजिरे, दालचिनी, लवंग व वेलदोडे तडतडले की कांदा तांबूस परततात. मग आले-लसणाचे वाटण, तिखट, मीठ आणि मांस. मोठ्या जनावराचे मांस चिवट. ते मंद आचेवर दोन-अडीच तास शिजते, तेव्हा त्यातील चिवट तंतू विरघळून रश्शाला दाटपणा येतो. नंतर दुधीच्या फोडी. त्या मऊ झाल्या की घोटलेली डाळ आणि सर्वांत शेवटी लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ. दहा मिनिटे उकळी देऊन वरून जिरे, लसूण, सुकी मिरची व कढीलिंबाची फोडणी. तिलाच येथे ‘बघार’ म्हणतात.

चिंच शेवटी का? आंबटपणा आधी शिरला तर डाळीचा दाणा व दुधीची फोड लवकर मऊ होत नाहीत. इंधन मात्र जळत राहते. ज्या घरी मांस थोडे, खाणारी तोंडे अधिक आणि सरपण मोजके, तेथे हा क्रम चुकवून भागत नाही. डाळ मांसाला पुरवठ्याला येते, चिंच त्याचा उग्रपणा झाकते.

आता आपली आमटी आठवावी. डाळ आधी शिजवून घोटायची, मग चिंच-गूळ आणि गोडा मसाला. त्या मसाल्यातही दालचिनी-लवंग आहेतच. गूळ आपला, मांस त्यांचे; चिंचेची वेळ दोघांचीही एकच. 1956 पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे याच हैदराबाद राज्यात होते. तेव्हा हे साम्य पाहून आपण नवल करू नये.

शाकाहारी वाचकांनी मांस वगळून नुसत्या दुधीचा दालचा अवश्य करून पाहावा. तोही येथील अनेक घरांत होतो. मुलांना तो वाढताना मूळ पदार्थ कोणाचा, हेही मोकळेपणाने सांगावे. शेजाऱ्याविषयीचा आदर शाळेच्या फळ्यावर शिकवून येत नाही, असा आमचा अनुभव आहे. तो घरच्या पानावरच शिकावा लागतो.