गिऱ्हाईक हाच परीक्षक

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं पाबळ हे गाव इतिहासाच्या वाचकांना मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं. शिक्षणाचा विचार करणाऱ्यांना ते आणखी एका नावामुळे माहीत असायला हवं. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली वरच्या पदाची नोकरी पन्नाशी उलटल्यावर सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग पत्नी मीराताईंसह या कोरडवाहू गावात राहायला आले आणि १९८३ साली त्यांनी ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच. डी. असलेल्या या शास्त्रज्ञाने विद्यार्थी निवडले ते शाळेने ‘हा काही शिकायचा नाही’ म्हणून वाऱ्यावर सोडलेले.

आश्रम सुरू झाला तो पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचं केंद्र म्हणून. ही संस्था जे. पी. नाईक यांची. नाईक कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव होते आणि शाळेत ‘कार्यानुभव’ हवा, ही त्या आयोगाची महत्त्वाची शिफारस. तिच्याही मागे १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद आणि गांधीजींची नई तालीम होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ तर प्रत्यक्षात चालवूनच दाखवलं होतं. म्हणजे विचाराची वाण कधीच नव्हती. पण कार्यानुभव वेळापत्रकात आला आणि त्याचं काय झालं, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलंय. खडू, मेणबत्त्या, कागदी फुलं करायची, बाईंना दाखवायची, गुण घ्यायचे. गुण मिळाले, गिऱ्हाईक कधी मिळालं नाही.

कलबागांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. आश्रमाच्या मुलांनी केलेल्या कामाचे कुणीतरी पैसे मोजले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. गावाला लागणाऱ्या सेवा मुलांनी पुरवायच्या आणि त्या पुरवता पुरवता शिकायचं. ‘मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञान पदविका’ हा वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम याच पायावर उभा राहिला. वर्कशॉप व बांधकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग. वर्षभरात मूल चारही विभागांतून फिरतं, कारण खेड्यात केवळ वेल्डिंगवर घर चालत नाही. वायरिंग, पंप, थोडं बांधकाम असं सगळंच यावं लागतं.

या शिक्षणात विज्ञान कसं येतं, त्याचा एक नमुना पाहू. पाबळसारख्या भागात शेतकऱ्याची मोठी विवंचना म्हणजे बोअर कुठे घ्यायची. एरवी पाणाड्या तळहातावर नारळ धरून शेतात फिरतो. आश्रमातली मुलं चार लोखंडी सळ्या घेऊन जात. त्या एका रेषेत जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळ्यांमधून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळ्यांमधला दाब मोजायचा. दाबाला प्रवाहाने भागलं की जमिनीच्या विद्युतरोधाचा अंदाज येतो. सळ्यांमधलं अंतर वाढवत नेलं की अधिकाधिक खोलीवरच्या थरांचा प्रभाव आकड्यांत उतरतो. पाणी धरलेला भेगाळ खडक अखंड कातळापेक्षा कमी रोध दाखवतो. आकडे आलेखावर मांडायचे आणि शेतकऱ्याला सांगायचं. यात पाण्याची हमी नाही, पण अंदाजाला आधार असतो. ओहमचा नियम पाठ न झाल्यामुळे नापास झालेला मुलगा इथे त्याच नियमावर चार पैसे कमावतो. त्याच्या आकड्यावर दुसऱ्याचे कष्टाचे पैसे लागणार असतात, म्हणून तो मोजमाप पुन्हा घेतो. ‘नीट लिही’ असं शंभरदा बजावूनही वर्गात जे होत नाही, ते इथे न सांगता होतं.

फाटक बनवतानाही तेच. चौकटीला टॅक मारले की पक्का जोड देण्याआधी दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. ते सारखे भरले नाहीत तर चौकट तिरकी आहे, आणि तिरकं फाटक बिजागरीवर चढवलं की जमिनीला घासणार. अँगल किती किलो, रॉड किती, वीज किती, मजुरी किती, हा हिशेब मुलाने स्वतः मांडायचा. हिशेब चुकला की तोटा कागदावर दिसतो. कारागिरीइतकंच या हिशेबाला महत्त्व आहे, कारण हातात कसब असलेले पण दर लावता न आल्यामुळे कायम दुसऱ्याकडे राबणारे कारागीर गावोगाव सापडतात.

पुढे हाच धागा शाळेपर्यंत गेला. माध्यमिक शाळेसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय राज्याच्या मंडळाने मान्य केला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं आणि शिकवायला गावातलेच कारागीर. अमेरिकेतल्या एमआयटीने जगभर ‘फॅब लॅब’ उभारायला घेतल्या, तेव्हा अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक पाबळला आली. कलबाग २००३ साली गेले. आश्रम आजही चालू आहे.

मग हा प्रयोग देशभर का पसरला नाही? पहिली अडचण कागदाची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच एक आकडा आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार, १९ ते २४ वयोगटातल्या कामकरी तरुणांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेले भारतात ५ टक्क्यांहून कमी. जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. हा आकडा भाषणांतून वारंवार येतो. त्यातला ‘औपचारिक’ हा शब्द मात्र निसटतो. आपल्याकडे हात शिकतात ते मुख्यतः गॅरेजात, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, सुताराच्या पडवीत. तिथे पोऱ्या म्हणून लागलेलं पोर आधी पाने उचलून देतं, मग नट आवळतं आणि काही वर्षांनी स्वतःच मिस्तरी होतं. शिक्षण पक्कं असतं, पण कागद नसतो. आणि कागद नाही म्हणून बँकेत किंवा टेंडरमध्ये त्याला कुणी विचारत नाही.

गॅरेजातल्या या शाळेपर्यंत कायदा पोचत नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं आहे आणि चार ते २९ माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. तालुक्याच्या रस्त्यावरच्या गॅरेजात मालक धरून माणसं असतात दोन, फार तर तीन. म्हणजे जिथे प्रत्यक्ष शिक्षण चालतं ती जागा कायद्याच्या हिशेबाबाहेर. २०२३ ची पीएम विश्वकर्मा योजना १८ पारंपरिक व्यवसायांना हात देते. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, शिवाय स्वस्त कर्ज. पण ती आहे घरातला धंदा आधीपासून करणाऱ्या प्रौढांसाठी. ज्याच्या घरात शेत नाही आणि धंदाही नाही, अशा भूमिहीन मजुराच्या मुलाने सुरुवात कुठून करायची?

दुसरी अडचण मनातली आहे, आणि ती जास्त चिवट आहे. बलुतेदारीत कसब जन्माने मिळायचं आणि त्याची पायरीही जन्मानेच ठरायची. धंदे बदलले, पायरीचं भान गेलं नाही. म्हणूनच आयटीआयचा अर्ज आजही अनेक घरांत टक्के कमी पडल्यावरच भरला जातो. हुशार मुलाने हाताने काम करायचं नसतं, हा समज कोणत्याही योजनेने पुसला जात नाही. उलट ‘वंचितांसाठी कौशल्य’ अशी पाटी लावली की तो पक्का होतो. म्हणून आठवड्याचा एक दिवस वर्कशॉपमध्ये घालवण्याची सोय फक्त मागे पडलेल्यांसाठी असून भागणार नाही. पहिल्या बाकावरच्या मुलानेही फाटकाचे कर्ण मोजले पाहिजेत, आणि ‘फाटक’ म्हटल्यावर मुलींना आपोआप शिवणयंत्राकडे वळवणं थांबलं पाहिजे.

करण्यासारखं बरंच आहे आणि ते फार खर्चिकही नाही. एका बाजारपेठेतल्या दहा-पंधरा शेडना मिळून एक आस्थापना मानता येईल, म्हणजे तिथल्या पोरांना विद्यावेतन आणि नोंद दोन्ही मिळतील. चौदा वर्षांखालचं मूल कामावर नको, हा कायदा तिथेही पाळला जाईल, कारण नोंद असली की तपासणी होते. पोरगं घडवणाऱ्या मिस्तरीला शिक्षक म्हणून मानधन देता येईल. आणि परीक्षा घ्यायचीच तर ती वस्तूची घ्यावी: फाटक लागलं का, पंप चालला का, आणि गिऱ्हाईक पुढचं काम घेऊन पुन्हा आलं का. पाबळने चाळीस वर्षांत हे करून दाखवलंय. आता प्रश्न प्रयोगाचा नाही. असा शिकलेला मुलगा दारात उभा राहिला तर आपण त्याला कागदाशिवाय काम देतो का, आणि रास्त दर देतो का, एवढाच आहे.