युरियाचा अमोनिया किती लवकर होतो?

कन्हानकांठच्या काळ्या जमिनींत युरिया फेकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं शेतांत नाकास झोंबणारा वास यावा, हा अनुभव आमच्या कित्येक कास्तकार बंधूंस असेल. विकत घेतलेलें नत्र हवेंत जात असल्याची ती खूण होय. ४५ किलोंच्या पोत्यांत सुमारें २० किलो नत्र असतें; त्यांतील पिकाच्या वांट्यास किती येईल, हें पुष्कळ अंशीं रासायनिक क्रियेच्या वेगावर अवलंबून आहे.

युरिया निव्वळ पाण्यांत विरघळविला, तर त्याचें आपोआप विघटन होण्यास कित्येक वर्षें लागतात. मग जमिनींत हेंच काम चार-आठ दिवसांत कसें उरकतें? तेथें युरिएज नांवाचें विकर असतें. सूक्ष्म जंतु व वनस्पति तें निर्माण करितात. विकर क्रियेस वेग देतें, परंतु स्वतः खर्ची पडत नाहीं. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स समनर यांनीं १९२६ सालीं अबईच्या कुळांतील एका शेंगेच्या बियांपासून तें स्फटिकरूपानें वेगळें केलें. कच्च्या सोयाबीनमध्येंही तें भरपूर असतें. म्हणून कच्चें सोयाबीन व युरिया एकत्र करून जनावरांस कदापि घालूं नये. पोटांत अमोनिया एकदम सुटून जनावर दगावण्याचा संभव असतो.

दुसरें कारण उष्णता. उष्णमान दहा अंश सेल्सियसनें वाढलें कीं अशा क्रियांचा वेग साधारणपणें दुप्पट होतो. पौषांतील थंडींत गव्हास दिलेला युरिया म्हणूनच सावकाश बदलतो, तर वैशाखांतल्या तापलेल्या ओलिताच्या जमिनींत तोच झपाट्यानें. शिवाय काळी जमीन बहुधा अल्कधर्मी असल्यामुळें तयार झालेला अमोनिया वायुरूपानें उडण्यास अनुकूल स्थिति मिळते.

सर्वांत घातक दंव अथवा पावसाची नुसती भुरभुर! तेवढी ओल क्रिया सुरू करण्यास पुरते. नत्र मातीखालीं नेण्यास पुरत नाहीं. पालापाचोळ्यावर पडलेल्या दाण्याची गत त्याहून वाईट, कारण पाचोळ्यांत विकर अधिक. यास्तव युरिया दोन इंच मातीआड करावा, किंवा फेकल्याच दिवशीं चांगलें ओलित द्यावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. खालीं गेलेल्या युरियापासून झालेलें अमोनियम चिकणमातीचे कण धरून ठेवितात.

‘आतां निंबाचा युरिया मिळतो, मग चिंता कशाची?’ असें कोणी विचारील. देशांत तयार होणाऱ्या सर्व युरियास निंबतेलाचा लेप २०१५ सालीं सक्तीचा झाला, हें खरें. परंतु तो लेप मुख्यतः पुढल्या पायरीस, म्हणजे अमोनियमचें नायट्रेट होण्यास, विलंब लावितो. उघड्यावर पडलेल्या दाण्याचा अमोनिया त्यानें अडत नाहीं.