खोबणीत लपलेले लाकूड : लेखांक ५

मागील लेखांकात डोळ्यात शिरणाऱ्या धातूच्या कणांचा विचार झाला. लाकूड हे त्यांहून कावेबाज शल्य, म्हणजे शरीरात रुतलेली परकी वस्तू, आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिंग, हाड, बांबू आणि लाकूड यांची शल्ये शरीरात विरत नाहीत, सोने-चांदी-तांबे मात्र दीर्घकाळ राहिल्यास पित्ताच्या उष्णतेने विरतात, असे म्हटले आहे. यातला धातूंविषयीचा भाग आज कोणी मानणार नाही, लाकडाविषयीचा मात्र मानावाच लागतो. लाकूड सच्छिद्र असते, त्याच्या पोकळ्यांत माती, जिवाणू आणि बुरशी टिकून राहतात, आणि ते मोडताना ढलप्या मागे सोडते.

ठाण्यातील कोलशेत, ढोकाळी, बाळकुम या पट्ट्यात टोलेजंग इमारतींची कामे आणि खाडीकाठची झाडी शेजारी-शेजारी असल्याने बांबूची परांची, सेंट्रिंगच्या फळ्या आणि छाटलेल्या फांद्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर सहज येतात. नेत्रकोटर, म्हणजे डोळ्याची हाडांची खोबण, चार ते पाच सेंटिमीटर खोल असून तिचे आकारमान सुमारे ३० मिलिलिटर असते. त्यातील जेमतेम चौथा हिस्सा नेत्रगोल व्यापतो आणि उरलेल्या जागेत चरबी, स्नायू आणि दृक्-तंत्रिका, म्हणजे दृष्टीची मुख्य नस, असतात. चरबीत तरंगणारा गोल बाजूला सरकतो आणि काठी त्याला चुकवून आत जाते, म्हणून पापणीवर बारीकशी चीर आणि दृष्टी शाबूत, एवढेच पाहून टाके घालून रुग्णाला घरी पाठवले जाण्याचा धोका असतो. खोबणीचे छत पातळ असते आणि त्याच्यावर मेंदू असतो, ही गोष्ट अशा वेळी विसरून चालत नाही.

साध्या क्ष-किरणचित्रात लाकूड बहुधा दिसतच नाही. सीटी स्कॅनमध्ये कोरडे लाकूड, आतील हवेमुळे, हवेसारखेच काळे दिसते, आणि काही दिवसांत पाणी व पू शोषून घेतल्यावर त्याची घनता आजूबाजूच्या ऊतींइतकी होऊन ते त्यांत मिसळून जाते. हवेचे बुडबुडे गोलसर असतात. सरळ कडांची काळी पट्टी दिसली तर ती लाकडाची मानूनच पुढे जावे. शंका उरल्यास एमआरआय करता येतो, पण धातू नसल्याची खात्री करूनच, कारण त्या यंत्राच्या चुंबकाने धातूचा कण आत हलू शकतो.

कोलशेतहून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयापर्यंतचा, किंवा पुढे भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयापर्यंतचा प्रवास वाहतुकीत कितीही लांबला, तरी रुतलेली काठी जागेवर ओढून काढायची नाही. तिच्या टोकाने एखादी रक्तवाहिनी दाबून धरलेली असू शकते. काठी हलणार नाही आणि डोळ्यावर दाब येणार नाही, अशा बेताने झाकण बांधावे. रुग्णालयात धनुर्वाताची लस व प्रतिजैविके दिली जातात, नेत्रगोल फाटलेला नाही हे तपासले जाते आणि मगच शस्त्रक्रियेची वाट ठरते.

तुकडा पुढच्या भागात असल्यास पापणीच्या घडीतून किंवा नेत्रश्लेष्मला, म्हणजे डोळ्याचे पातळ अस्तर, उघडून तो काढता येतो. तो खोल व बाहेरच्या बाजूस असल्यास खोबणीची बाहेरील भिंत तात्पुरती बाजूला करावी लागते. ही पद्धत रुडॉल्फ क्रोनलाइन यांनी १८८८ च्या सुमारास रूढ केली. नाकाकडील तुकड्यासाठी नाकातून दुर्बीण घालतात, आणि छत भेदले गेले असेल तर मेंदूशल्यविशारद सोबत लागतात. तुकडा ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने, न मोडता, काढावा. मार्ग धुवून ढलप्या शोधाव्यात आणि नमुना जिवाणू व बुरशी या दोन्हींच्या तपासणीस पाठवावा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जखमेतून पुन्हा पू वाहू लागला, तर औषध बदलत बसण्यापेक्षा आत ढलपी राहिली आहे असे समजून पुन्हा स्कॅन करून पुन्हा उघडावे लागते.