विश्लेषण : जुन्या गाडीची ब्रेक डिस्क घरी बदलता येते का?

कन्नडच्या औट्रम घाटातून चाळीसगावकडे उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागले, तर जुन्या गाडीचा मालक आधी पॅडवर संशय घेतो. अनेकदा पॅड नवेच असतात. झिजलेली असते ती डिस्क. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगरात पाना चालवणाऱ्यांची कमतरता नाही. त्यामुळे डिस्क आणून घरीच बदलू, असा विचार अनेकांच्या मनात येतो. काम अवघड नाही, पण चुकीला जागाही नाही.

झीज कशी ओळखायची?

डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. नवी डिस्क 22 मिमीची असेल, तर मर्यादा साधारण 20 मिमी. म्हणजे सगळा खेळ दोन मिलिमीटरचा. व्हर्नियरने मोजताना मात्र फसगत होते. पॅड अगदी कडेपर्यंत घासत नाही, तिथे उंच काठ राहतो आणि जाडी जास्त दिसते. त्यावर सोपा उपाय म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरून मोजायचे आणि नाण्यांची जाडी वजा करायची.

दोन मिलिमीटरने काय बिघडते?

ब्रेक लावला की गाडीचा वेग उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता आधी डिस्क झेलते. डिस्क पातळ झाली की ती जास्त तापते. त्यात ब्रेक ऑइल जुने, ओलावा शोषलेले असेल, तर ते लवकर उकळते. वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल तळाला टेकते. म्हणूनच ‘लेथवर फिरवून घेऊ’ हा सल्ला, फिरवल्यावरही किमान जाडी उरणार असेल तरच ऐकावा. जुन्या गाडीत ती क्वचितच उरते.

घरी करताना काय सांभाळायचे?

जागा सपाट हवी. चाकांना दगड लावून, नट थोडे सैल करून मगच गाडी उचलावी आणि जॅक स्टँडवर ठेवावी; नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. सुटलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधावा. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा, नाहीतर नवी डिस्क तिरकी बसते आणि थरथर परत येते. नव्या डिस्कवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसावा. डिस्क जोडीनेच बदलावी, पॅडही नवे घालावेत. पिस्टन मागे ढकलताना ऑइलची टाकी ओसंडत नाही ना, हे पाहावे. हे ऑइल रंग खाते.

मागच्या डिस्कचे काम वेगळे. शेंद्र्यात 2001 पासून बनलेल्या ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांत मागचा पिस्टन ढकलून नव्हे, फिरवून आत जातो. त्याचे हत्यार नसेल किंवा नळीला चिरा दिसल्या, तर गॅरेज गाठावे.

चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. पिस्टन मागे गेलेला असतो. पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. फाटकातून बाहेर पडताना होणारे अपघात यातूनच होतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळावा. घाट त्यानंतर.