आयलंड हवं... पण पंख्याचं काय?

टीव्हीवरच्या कुकरी शोमधला शेफ आपल्याला कधी पाठ दाखवतो का? नाही ना! आणि आपल्या घरची सुगरण? पोळी तव्यावर, तोंड टाइल्सकडे आणि पाठ सगळ्या गप्पांकडे. आयलंड किचनची सगळी जादू या एका गोष्टीत आहे. भिंतीपासून सुटा, चारही बाजूंनी फिरता येईल असा ओटा. दिसतो एकदम झकास. पण बजेट, मेजरटेप आणि मे महिना या तीन पेपरांत तो पास व्हायला हवा.

सध्या ही परीक्षा चंद्रपुरात माझ्या दादाच्या नव्या घरी चालू आहे. स्वयंपाकघर ११ बाय १४ फूट. फरशी बसायला आठ दिवस उरलेत, म्हणजे जे काय ठरवायचं ते आताच. वहिनी बँकेतून सातला घरी येते. लेकीशी निवांत बोलायची तिची वेळ म्हणजे स्वयंपाकाची. म्हणून तिला गॅस आयलंडवरच हवा. आईचा मुद्दा वेगळा. ''पंखा काढून तिथं चिमणी टांगून राहिले तुम्ही. मंग मे महिन्यात सैपाक कोण करन? चिमणी?''

हसू नका. या गावात पारा ४७ अंशांपलीकडे गेलेला आहे. आयलंड येतं खोलीच्या मधोमध, पंखाही तिथेच. गॅस त्याखाली आला की ज्योत फडफडणार. शिवाय आयलंडवरच्या चिमणीला मागे भिंत नसते, धूर चहूबाजूंनी निसटतो, त्यामुळे ती मोठी आणि जास्त ताकदीची घ्यावी लागते. गॅसची नळी फरशीखालून न्यायची तर रबरी चालत नाही, धातूचा पाइप टाकावा लागतो. हा सगळा खर्च झाल्यावरही फोडणीचे शिंतोडे चारही दिशांना उडणारच!

मग वहिनीने दोन दिवस चक्क घड्याळ लावून स्वयंपाक केला. निम्म्याहून जास्त वेळ गेला निवडण्यात, चिरण्यात, मळण्यात आणि लाटण्यात. म्हणजे गॅस भिंतीलाच राहिला तरी गप्पांची वेळ वाचते. पोळी लाटायची हॉलकडे तोंड करून, टाकायची एक गिरकी घेऊन. वहिनी शंभर टक्के खूश नाही, पण तयार झाली.

आता हिशेब बघा. भिंतीचा ओटा २ फूट खोल. मधली जागा साडेतीन फूट. आयलंडची रुंदी अडीच फूट. पलीकडे ये-जा करायला ३ फूट. झाले ११! मधल्या जागेत कंजुषी केलीत तर फ्रिजचं दार उघडताच दुसऱ्याला बाहेर पळावं लागेल. खोलीची रुंदी १० फुटांहून कमी असेल तर सरळ चाकांचं टेबल घ्या, आयलंडचा हट्ट सोडा.

उंचीबाबत तर कॅटलॉग अजिबात ऐकू नका. परदेशी ओटा ३६ इंचांचा असतो आणि आपली वहिनी पाच फूट एक इंच. लाटताना खांदे वर उचलावे लागले की रात्री मान धरते. सोपा नियम म्हणजे कोपर वाकवा आणि त्याखाली चार-पाच इंच सोडा. वहिनीसाठी ३३ इंच निघाले. आईचे गुडघे गेलेले, जमिनीवर विळी घेऊन बसणं बंद. म्हणून ६ फुटी आयलंडचा शेवटचा अडीच फूट भाग ३० इंचांवर उतरवलाय, खाली पाय घालायला मोकळा. खुर्ची ओढायची आणि भाजी निवडायची. सगळ्या प्लॅनमधली माझी सर्वांत आवडती जागा हीच.

वरचा दगड? मासिकातला पांढरा संगमरवर विसरा. लिंबाने त्याची चमक जाते आणि हळदीचा डाग बसतो. काळा ग्रॅनाइट बिनधास्त घ्या. आईच्या भागाला मात्र सागाची फळी. बल्लारपूर हाकेच्या अंतरावर असताना लॅमिनेट लावायचं म्हणजे पापच! मार्च २०२३मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथूनच सागवान मिरवणुकीने गेलं होतं. भाव ऐकून दादाने मंदिराएवढ्याच भक्तीने हात जोडले, म्हणून फक्त अडीच फूट. लाकूड चांगलं वाळलेलं घ्या आणि पावती, वाहतूक पास मागायला लाजू नका. आणखी एक गोष्ट सुताराला आधीच सांगा. फळी उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. स्क्रूची भोकं थोडी लांबट ठेवली नाहीत तर ती फाटते.

कांदे-बटाट्यांसाठी खाली बांबूच्या टोपल्या. हवा खेळते, कांदा सडत नाही. कच्च्या बांबूला भुंगा लागतो, म्हणून बोरॅक्सची प्रक्रिया केलेलाच घ्या. चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. तिकडे गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावच्या ग्रामसभेला आपल्या जंगलातल्या बांबूचे वाहतूक पास देण्याचा अधिकार २०११मध्ये मिळाला. टोपली घेताना हा बांबू कुठून आला, हे विचारायला काय हरकत आहे?

राहिली वीज. मिक्सर आणि ओव्हनसाठी १६ अँपिअरचे दोन पॉइंट लागतील आणि त्यांचा पाइप फरशीखालूनच जाईल. सिंक आयलंडवर घेतलं नाही, कारण सांडपाण्याला उतार द्यायला तेवढी खोली मिळत नव्हती. पाइपची जागा खडूने आखून झाली आहे. पंखा बरोबर तिच्या डोक्यावर येतो का, हे आईने खुर्ची टाकून, बसून तपासलं. मग मिस्त्रीला म्हणाली, ''अर्धा फूट इकडं घ्या.''