ओल, धूळ आणि शिंका : उपाय कारागिराच्या हातात

पावसाळा सरला, भिंती सुकू लागल्या, की दोन दुकानांत गर्दी वाढते. एक डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधे देणाऱ्याचे, दुसरे अत्ताराचे. सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, लहान मुलांना रात्रीचा खोकला अशा तक्रारी घेऊन लोक येतात. "चाचा, गोळ्या खाऊन कंटाळलो, काहीतरी नैसर्गिक द्या," असे म्हणतात. चाचा कलौंजी, मध, ज्येष्ठमध बांधून देतात. गिऱ्हाईक घरी जाते आणि रात्री त्याच जुन्या गादीवर, त्याच ओल्या भिंतीला लागून झोपते. सकाळी पुन्हा शिंका सुरू.

पुडी घेतली, पण घर बदलले नाही. घरातील ॲलर्जीवरचा मोठा आणि स्वस्त उपाय पुडीत कमी आणि भिंतीत, गादीत, पडद्यात जास्त आहे. ही कामे करणारे हात आपल्या समाजात मोठ्या संख्येने आहेत. रंगारी, गवंडी, पिंजारी, शिंपी, सुतार यांनी हा विषय नीट समजून घेतला तर गिऱ्हाइकाला आराम मिळेल आणि बुडत चाललेल्या काही धंद्यांना आधारही मिळेल. मात्र त्याला दोन अटी आहेत. कारागिराने खोटा दावा करू नये आणि दुसऱ्याचे घर स्वच्छ करताना स्वतःची छाती खराब करून घेऊ नये.

शिंका कशाने येतात?

घरातल्या धुळीत डोळ्यांना सहसा न दिसणारे, मिलिमीटरच्या पाव हिश्श्याएवढे बारीक किडे असतात. ते चावत नाहीत. माणसाच्या अंगावरून गळणारा त्वचेचा कोंडा हे त्यांचे खाद्य. म्हणून त्यांची वस्ती गादी, उशी, गालिचा आणि जाड पडदा यांत असते. त्यांच्या विष्ठेचे कण श्वासावाटे नाकात गेले की ज्यांची प्रकृती तशी आहे त्यांना शिंका, खाज, दमा असा त्रास होतो. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतील ओलावा शोषून जगतात. कोकणात आणि मुंबईत हवा दमट असल्याने त्यांची चंगळ होते. त्यांच्या जोडीला ओल्या भिंतीवरची बुरशी आणि स्वयंपाकघरातील झुरळे असतात. या दोन्हींमुळेही ॲलर्जी होते.

घराबाहेरच्या कारणांत गाजर गवताचा क्रमांक वरचा. हे परदेशी तण १९५५-५६ च्या सुमारास प्रथम पुण्यात नजरेस आले आणि तेथून देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने कातडीवर पुरळ येते, परागकणांनी नाक वाहते. दुकानामागे किंवा कारखान्याच्या आवारात ते उगवले असेल तर फूल येण्यापूर्वीच, हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

आधी ओल, मग रंग

भिंतीवर काळे-हिरवे डाग दिसले की घरमालक रंगाऱ्याला बोलावतो आणि "वरून एक हात मारून द्या" असे सांगतो. येथेच चूक होते. ओल कायम ठेवून त्यावर प्लास्टिक पेंट किंवा ऑइलपेंट मारला तर ओलावा आत कोंडतो. पुढच्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात आणि बुरशी पुन्हा डोके काढते. आधी गळका नळ, गच्चीवरची भेग, खिडकीचा सांधा यांची दुरुस्ती व्हावी, भिंत पूर्ण सुकू द्यावी आणि मगच रंगाचे काम हाती घ्यावे.

साध्या गिलाव्याच्या भिंतीला चुन्याची सफेदी हा जुना आणि आजही स्वस्त उपाय आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी टिकत नाही, आणि चुन्याच्या थरातून भिंतीतील ओलावा बाहेर पडू शकतो. त्याला रंगांसारखा उग्र दर्पही नसतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हा थर हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. त्याबरोबर त्याची तीव्रता कमी होते, म्हणून सफेदी दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करावी लागते. ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावी.

प्रमाण असे आहे : १० किलो चुन्याला ४० ते ५० लिटर पाणी. चुनकळी असेल तर ती पाण्यात थोडी थोडी सोडावी. कळीवर एकदम पाणी ओतले तर उकळी फुटून अंगावर उडते. मिश्रण २४ तास ठेवून जाड्याभरड्या कापडातून गाळून घ्यावे. दर १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळावा म्हणजे सफेदी अंगाला लागत नाही. पांढरेपणा खुलवण्यासाठी किलोला ३ ग्रॅमपर्यंत नीळ पुरते. नव्या भिंतीला तीन हात, जुन्या सफेदीवर दोन. गेरू किंवा पिवडी मिसळली की गुलाबी-पिवळ्या फिक्या छटा मिळतात. एवढ्यावर बैठकीची खोली प्रसन्न दिसते. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंटवर मात्र चुना धरत नाही. तेथे जुना रंग काढावा लागतो.

जुना रंग काढताना तो कोरडा घासू नये. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दारे-खिडक्यांवर पाणी मारून, ओले करूनच खरवडावे. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना तेवढा वेळ घरापासून दूर ठेवावे.

पिंजाऱ्याचे दिवस परत येतील?

सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे पिंजारी-नदाफ आणि विदर्भात मन्सूरी या नावाने ओळखली जाणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजत आली. फोमच्या गाद्या आल्या आणि धनुकलीचा आवाज गल्लीतून नाहीसा झाला. फोमच्या गादीत किडे होत नाहीत असे पुष्कळांना वाटते, परंतु ते फोममध्येही होतात. फरक असा की कापसाची गादी उसवता येते, कापूस उन्हात वाळवून, धूळ झाडून पुन्हा पिंजता येतो आणि खोळ धुता येते. फोमच्या गादीला ही सोय नाही.

पिंजाऱ्याने हीच गोष्ट गिऱ्हाइकाला समजावून द्यावी. वर्ष-दोन वर्षांनी गादी उसवून पिंजणे, खोळ घट्ट विणीच्या सुती कापडाची शिवणे, त्यावर काढून धुता येईल असा चेनचा गलाफ घालणे, हे सगळे मिळून एक काम म्हणून घ्यावे. गलाफाचे काम घरातील बहिणी किंवा शेजारचा शिंपी करू शकेल. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात धुवावेत, असे गिऱ्हाइकाला सांगावे. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात हे किडे मरतात. गादी उन्हात टाकून उलटसुलट करावी आणि घराबाहेरच झटकावी, कारण किडे मेले तरी त्यांची विष्ठा गादीतच राहते. पिंजण्याचे काम रुग्णाच्या घरात करू नये.

चिंध्या पिंजून केलेला रद्दी कापूस नव्या कापसात मिसळणे ही या धंद्यातील जुनी कीड आहे. अशा गादीत धूळ आणि बारीक तंतू जास्त. स्वस्त कापूस वापरायचाच असेल तर तसे सांगून वापरावा आणि दाम तसेच लावावे.

कमी खर्चात सजावट

ॲलर्जी असलेल्या घराची सजावट जितकी सुटसुटीत तितकी बरी. मखमली पडद्यांऐवजी धुता येतील असे पातळ सुती पडदे, गालिच्याऐवजी सतरंजी किंवा चटई, उघड्या फळ्यांऐवजी दाराचे कपाट. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागावरचे सुती कापड आणि सोलापूरची चादर यांनी एक खोली थोड्या खर्चात नटवता येते. सुताराने जुने सागवानी सामान फेकू न देता तासून, पॉलिश करून द्यावे. नव्या प्लायवूडच्या व भुश्शाच्या दाबीव फळ्यांतून फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो, त्याने डोळे व घसा चुरचुरतो. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी, म्हणजे धूळ उडत नाही.

एक गोष्ट नाजूक असली तरी सांगायला हवी. लोबान, अगरबत्ती, डासांची कॉइल यांचा धूर दमेकऱ्याला त्रास देतो. सुवास ही चांगली गोष्ट आहे, पण ज्या खोलीत दम्याचे मूल झोपते तेथे धूर करू नये. अत्तरानेही काहींच्या कातडीवर पुरळ येते. त्यांनी ते अंगाला न लावता कपड्याला लावून पाहावे, आणि तरी त्रास झाला तर सोडून द्यावे.

अत्ताराच्या दुकानातील सल्ला

सर्वांत साधा आणि उपयोगी नैसर्गिक उपाय मिठाच्या पाण्याचा आहे. पाणी उकळून कोमट करावे, एका पेल्यात अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून नाक धुवावे. नाकातील धूळ व परागकण निघून जातात आणि चोंदलेपणा कमी होतो. वुजूत नाकात पाणी घेण्याची सवय असलेल्याला हे जड जाणार नाही. यासाठी कच्चे पाणी मात्र वापरू नये.

कलौंजीबद्दल बुखारीतील हदीस आपल्याला ठाऊक आहे, आणि मधात शिफा असल्याचे कुरआनच्या सूरह नहलमध्ये आले आहे. कलौंजीवर ॲलर्जी व दम्याच्या रुग्णांत काही लहान प्रयोगही झाले आहेत आणि त्यांत थोडा आराम पडल्याचे दिसले आहे. म्हणून ती घ्यायला हरकत नाही. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इलाज करून घेण्याची शिकवणही दिली आहे. कलौंजी घेतली म्हणून दम्याचा इनहेलर बंद करणे ही शिकवण नव्हे. मध खोकल्याला आराम देतो, पण एक वर्षाखालील बाळाला तो मुळीच देऊ नये. वाफ घेताना लहान मुले भाजतात, तेथे मोठ्यांनी जवळ थांबावे. श्वास लागला, ओठ निळे पडले, बोलता येईना, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

पुडीवर "दमा मुळापासून बरा" असे छापणाऱ्या व्यापारी बंधूंनी हेही लक्षात घ्यावे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखालील नियमांच्या यादीत दमा आहे. तो बरा करण्याची जाहिरात हा गुन्हा ठरतो.

कारागिराची छाती

कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर आल्यावर पहिल्या दिवशी छाती आवळते, मग काही दिवस बरे वाटते. पुढे त्रास कायमचा होतो. पुट्टी घासणारा रंगारी, सिमेंट उडवणारा गवंडी, लाकूड तासणारा सुतार यांचीही तीच गत. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क वापरावा, मोकळ्या हवेत काम करावे, शक्य तेथे ओले घासावे. चुना कालवताना चष्मा लावावा. डोळ्यात चुना गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने सतत धुवावे आणि ताबडतोब डॉक्टरकडे जावे. मास्कचा खर्च मजुरीत धरायला लाजू नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने एवढे करूनही फारसे साधणार नाही.

धंद्याचा हिशेब

रंगारी, गवंडी, पिंजारी आणि शिंपी यांनी एकत्र येऊन एका घराचे काम घ्यावे : ओल शोधणे, दुरुस्ती, सफेदी, गादी, पडदे. दर प्रत्येक कामाचा वेगळा लिहून द्यावा. रमजानपूर्वी घर सफेद करण्याची आपल्याकडे रीत आहे. रमजान दर वर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीत आला आणि २०३० या एकाच वर्षात जानेवारीच्या आरंभी व डिसेंबरच्या अखेरीस असा दोनदा सुरू होईल. म्हणजे ही काही वर्षे सफेदीचा हंगाम कोरड्या थंडीत पडतो, आणि दिवाळीचे काम त्याच्या आधी येते. दोन्ही मिळून चार महिने हाताला काम राहू शकते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार, गवंडी, शिंपी आणि चटई-टोपली-झाडू करणारे आहेत. पिंजारी मात्र त्या यादीत नाही. ही मागणी समाजाच्या संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. योजनेतील कर्जावर व्याज आहे. ज्यांना ते टाळायचे आहे त्यांनी प्रशिक्षण आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या अवजारांच्या मदतीची चौकशी करावी.

शेवटी एक प्रसंग. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही हे स्पष्ट केले. रंगाऱ्याच्या, पिंजाऱ्याच्या आणि अत्ताराच्या धंद्यालाही हेच लागू आहे. भिंतीतील ओल रंगाखाली झाकू नये, गादीतील रद्दी खोळीत लपवू नये, पुडीची मर्यादा गिऱ्हाइकापासून दडवू नये. अशा कामाची मजुरी हलाल तर आहेच, शिवाय ज्या घरातले मूल रात्री शांत झोपू लागले ते घर पुढच्या वर्षीही आपल्यालाच बोलावते.